लेक फोर्कचे तळे आणि माझा अंगठा

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे मुलीकडे डल्लासला होतो. तिथले मॉल आणि रस्ते यांची वर्णने वाचकांनी आजवर पुष्कळ वाचली असतील. मला सांगायचे आहे ते एका तळ्याविषयी. त्याचे नाव लेक फोर्क. नाव ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "लेकीकडे आलोच आहोत, आता या लेकीकडेही जाऊन या."

तळे म्हणजे आपल्या हिडकलसारखे धरणाचे पाणी. सबाईन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क नावाच्याच ओढ्यावर बांध घालून १९८० मध्ये ते अडवले. विस्तार सुमारे २७ हजार एकर. डल्लासहून पूर्वेला मोटारीने दीड-पावणेदोन तास लागतात. पाणी अडवताना आतली झाडे बरीचशी तशीच ठेवली, त्यामुळे आजही पांढरी पडलेली खोडे पाण्यातून वर आलेली दिसतात. होडीसाठी खुणा करून वाटा आखल्या आहेत, वाट सोडली की खोड बुडाला लागलेच म्हणून समजा. या खोडांच्या आडोशाने राहतो तो लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा आणि तोंड एवढे की मूठ आत जावी. टेक्सास राज्यातला आजवरचा सर्वांत वजनदार बास याच तळ्यात जानेवारी १९९२ मध्ये निघाला. वजन १८.१८ पौंड, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलो.

आमचे जावई धारवाडचे, घरी कन्नड बोलणारे. माझ्याशी बोलताना अर्धे मराठी, अर्धे कन्नड. लग्नाला अकरा वर्षे झाली. "मामा, आराम री?" "आराम." एवढ्यावर आमचे फोन संपायचे आणि फोन मुलीच्या हातात जायचा. भांडण कधीच नव्हते, विषय नव्हता इतकेच. तो विषय आम्हाला त्यांच्या गॅरेजमध्ये मिळाला. भिंतीवर मासे धरायच्या सात-आठ दांड्या ओळीने लावलेल्या होत्या. त्यांनी एक रीळ काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तुम्ही लेथवाले. हे फिरवून बघा."

मी उद्यमबागेत ३४ वर्षे लेथ चालवला. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, शेवटची काही वर्षे भागीदारीत. त्यामुळे हातात काही फिरणारे दिले की मी आधी त्यातला प्ले बघतो. या रिळात प्ले नव्हता. मूठ फिरवली तर लोण्यातून सुरी जावी तशी फिरली.

अशा रिळाला बेटकास्टर म्हणतात. साध्या स्पिनिंग रिळात आमिष फेकताना चक्री जागेवर राहते आणि तंगूस तिच्या टोकावरून सुटत जाते. बेटकास्टरची चक्री दांडीला आडवी बसवलेली असते आणि आमिष उडाले की ती स्वतः गरगर फिरते. पुढे हवेत आमिषाचा वेग कमी होतो, चक्रीचा होत नाही. मग सुटलेली दोरी बाहेर जायला जागा नसल्याने आतच फुगते आणि चिमणीच्या घरट्यासारखा गुंता होतो. त्याला ते लोक काय म्हणतात? बॅकलॅश! मी मोठ्याने हसलो. लेथच्या स्क्रू आणि नटमधल्या ढिलाईला आम्ही आयुष्यभर बॅकलॅश म्हणत आलो, आणि इथे तोच शब्द तळ्यावर भेटला.

हा गुंता होऊ नये म्हणून रिळात ब्रेक असतात. काहींत लोहचुंबक असते. जुन्या विजेच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती चुंबकामुळे आवरली जाते ना, तोच प्रकार. काहींत लहान गुटके वेगाने बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात, लुना मोपेडच्या क्लचसारखे. पण खरा ब्रेक म्हणजे आपला अंगठा. तो चक्रीवर हलकेच ठेवायचा, आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी दाबायचा. मला तर हे सारे आमच्याच घराण्यातले वाटले. अशी रिळे अमेरिकेत प्रथम केली ती केंटकीतल्या घड्याळजींनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. स्वीडनची अबू कंपनी १९२१ मध्ये घड्याळे करायला निघाली होती. त्याच वर्षी जपानच्या साकाई गावात सुरू झालेल्या शिमानोचा पहिला माल म्हणजे सायकलचे फ्रीव्हील.

एका दिवसाचे लायसन्स काढून आम्ही पहाटे निघालो. बरोबर थर्मासमध्ये चहा आणि चपातीच्या गुंडाळीत शेंगा चटणी. ही चटणी धारवाडची की बेळगावची, यावर मुलगी आणि जावई यांच्यात कायमचा वाद आहे. मी त्यात पडत नाही. साडेसहाला होडी पाण्यात होती. ऊन कोवळे, पाण्यावर वाफ, आणि एका खोडावर राखी रंगाचा मोठा बगळा, आपल्या बगळ्याच्या दुप्पट.

पहिली दांडी दिली ती जुनी, फायबरग्लासची, सात फुटी. रीळ संथ. मूठ एकदा फिरवली की चक्री पाच वेळा आणि थोडी वर फिरणार. आमिष म्हणजे लाकडी माशासारखे, ओढले की थरथरत खाली डुबणारे क्रँकबेट. ही दांडी मऊ असते, टोकापासून पार मध्यापर्यंत वाकते. त्याला कारण आहे. या आमिषाला तीन-तीन टोकांचे बारीक गळ असतात. दांडी ताठ असली तर हिसक्याने ते माशाच्या तोंडातून फाटून निघतात. मूठ उजवीकडे होती, म्हणजे फेकायचे उजव्या हाताने, मग दांडी डाव्या हातात घेऊन उजव्याने गुंडाळायचे. पहिल्या पाच फेकींत पाच गुंते झाले. जावई न बोलता सोडवत बसले. पण गुंडाळताना मात्र आमिषाची थरथर मला डाव्या तळव्यात लख्ख कळत होती, मशीन सुरू असताना बेडवर हात ठेवावा तशी. थरथर थांबली की समजायचे, काडी अडकली किंवा मासा आला. दोन्ही वेळा काडी होती.

मग त्यांनी आपली आवडती दांडी पुढे केली. ग्रॅफाइटची, वजनाला निम्मी, फक्त टोकाशी वाकणारी. रिळाचे प्रमाण सातास एक. तंगूस फ्लोरोकार्बनची. टोकाला शिशाची गोळी आणि रबराचा गांडूळ. तो तळाला टाकून हळूहळू सरकवायचा. मासा तो ओढत नाही, नुसता तोंडात शोषून घेतो, आणि दोरीत एक टिचकी येते. ती कळण्यासाठीच ही महागाची दांडी. या रिळाची मूठ डावीकडे होती, म्हणजे फेकायचेही उजव्याने आणि धरायचेही उजव्याने. आजकालच्या पुष्कळ लोकांना असे आवडते, हात बदलायचा वेळ वाचतो.

मला काही म्हणजे काही कळेना. "एळीरी मामा, एळीरी!" जावई ओरडले. त्यांना माझी दोरी पाण्यावर हललेली दिसली होती. मी ओढले तोवर गांडूळ अर्धा झाला होता. असे तीनदा झाले. शेवटी मी म्हणालो, "जावईबापू, किंमत मोठी असेल, पण या दांडीत जीव नाही. ती जुनीच बरी." ते काही बोलले नाहीत. माझ्या हाताकडे मात्र बघत होते.

उन्ह चढल्यावर आम्ही कमळाच्या पानांनी भरलेल्या एका खाडीत शिरलो. तिथे तिसरी जोडी. दांडी जाड, ग्रॅफाइटचीच, रीळ आठास एक, दोरी विणलेली, पन्नास पौंडांची. आमिष रबराचा पोकळ बेडूक, पानांवरून टुणटुण नेण्यासाठी. मासा पाने फोडून वर येतो, म्हणून त्याला ताबडतोब उपसायला ताठ दांडी आणि भरभर गुंडाळणारे रीळ. इथे फेकण्याची गोडी खरी आहे. बेडूक जड, सुटला की दूर जातो, चक्रीचा आवाज कानाला छान लागतो. मी अंगठा घट्ट दाबून फेकू लागलो, गुंता नको म्हणून. दहा-बारा फेकी चांगल्या गेल्या. मी खूश.

"मामा, रक्त!"

रिळावर, मुठीवर, माझ्या पँटवर रक्त होते. विणलेली दोरी अंगठ्याखालून पळताना कातडी सोलली गेली होती. मला पत्ताच नव्हता.

"नोवागलिल्लेन्री?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. मग त्यांनी माझा हात धरला आणि एका गळाचे टोक अंगठ्याला, तर्जनीला, मधल्या बोटाला हलकेच लावून बघितले. करंगळीला लावल्यावर मी हात मागे घेतला.

तेव्हा मी सांगितले. कारखाना सोडला तेव्हा सगळ्यांना सांगितले होते, वय झाले. खरे कारण वेगळे. टर्निंग झाल्यावर जॉबच्या कडेवर उरलेला बर आम्ही बोटाने तपासतो. डोळ्याला न दिसणारा बर बोटाला कळतो, त्यावरच आमची किंमत. २०१८ च्या दिवाळीनंतर मला तो कळेनासा झाला. एक लॉट परत आला, मग दुसरा. भागीदाराला वाटले माझे लक्ष नाही. मी तसेच वाटू दिले. रात्री हात झटकत बसायचो, सौ. विचारायची, मी म्हणायचो, डास. लेथवाल्याने बोट गेले असे कसे सांगायचे? एखादे पेर कापले गेले असते तर सांगता आले असते.

जावयांनी अंगठ्याला पट्टी बांधली. नंतर म्हणाले, "म्हणजे माझ्या दांडीत जीव आहे." आणि तीच ग्रॅफाइटची दांडी माझ्या डाव्या हातात दिली. फेकली त्यांनीच. "फक्त धरा. सावकाश."

वाचकहो, दांडी म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. गोळी तळाला टेकली ती कळली. चिखल होता, तो मऊ लागला. मग खडे आले, ते करकरले. एका खोडावर गोळी चढली आणि पलीकडे घसरली, तेही कळले. फायबरग्लासची दांडी काहीतरी आहे किंवा नाही एवढेच सांगत होती, ही काय आहे ते सांगत होती. असे असून क्रँकबेटला मी अजूनही जुनीच घेईन. पण तळ वाचायचा तर ग्रॅफाइट, यात वाद नाही. सकाळभर मी ज्या दांडीला नावे ठेवली, तिचा दोष एवढाच की तिची मूठ डावीकडे होती आणि ती माझ्या उजव्या हातात होती.

टिचकी आली. कोणीतरी नखाने दांडीवर एकदा वाजवावे, तशी. मी ओढले. दांडी वाकली, मी घाईघाईने हात बदलला, मासा दोनदा पाण्याबाहेर उडाला. त्याचा खालचा ओठ डाव्या अंगठ्याने धरायला जावयांनी शिकवले. बासचे दात म्हणजे एमरी पेपर, नुसते खरखरीत. मोजपट्टीवर १९ इंच भरला. या तळ्यावर १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो, कायदाच आहे, वाढून मोठे व्हावेत म्हणून. मी खाणारा माणूस, मला क्षणभर जिवावर आले. "बिडरी मामा," जावई म्हणाले. पाण्यात धरल्यावर तो जरा वेळ हातातच राहिला, मग शेपूट मारून गेला.

परतताना त्यांनी विचारले, "घरी ठाऊक आहे?" मी मान हलवली. "मग तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. पण रविवारपर्यंत नाही सांगितलं, तर सांगीन." मग बराच वेळ आम्ही गिअरच्या प्रमाणाबद्दल बोललो.

दारात सौ. उभी होती. "मासा कुठाय?" तिने विचारले. सोडला म्हटल्यावर तिने पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघितले आणि, "मासा सोडला आणि हे काय घेऊन आलात?" म्हणाली.

रविवारपर्यंत थांबलो नाही, त्याच रात्री जेवताना सांगितले. बेळगावला आल्यावर शिरांची तपासणी झाली. मनगटातली शीर दबली आहे, कार्पल टनेल म्हणतात, असे कळले. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झाले. रात्रीच्या मुंग्या गेल्या. बोटांची जाणीव थोडी आली आहे, सगळी येईलच असे डॉक्टर म्हणत नाहीत. लवकर यायला हवे होते, असे म्हणतात.

जावयांचा फोन आता आधी मला येतो. परवा त्यांनी नवे रीळ घेतले, मूठ उजवीकडची. ते स्वतः डावीकडचे वापरतात.