कुंडलिकेकाठी दोन रात्री

गेल्या वर्षी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आमचा तंबू मध्यरात्री पाण्यात गेला. मुले गाढ झोपली होती. अम्मीच्या पायाला गार लागले म्हणून ती जागी झाली आणि तिने सगळ्यांना हाका मारल्या. अल्लाहच्या कृपेने दोन चादरी आणि एक चप्पल यापलीकडे काही गेले नाही. वाळूत भिजून बसलेल्या आम्हाला दादीने एकच प्रश्न विचारला, "आज चांद कितवा?" चौदावा होता. कोकणात जन्मलेल्या आम्हा इतक्या माणसांपैकी कोणीही निघण्यापूर्वी तो पाहिला नव्हता.

म्हणून यंदा २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून पुन्हा मुक्कामाला जायचे ठरले, तेव्हा दादीने अट घातली, "जा, पण या वेळी पाण्याला विचारून जा." आम्ही समुद्र सोडून नदी निवडली. रोहा तालुक्यातले कोलाड.

वाट आणि वेळ

मुंबईहून पेण, नागोठणे करीत मुंबई-गोवा महामार्गाने कोलाडला पोहोचता येते. अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. पुण्याकडच्यांना मुळशी आणि ताम्हिणी घाट उतरून यावे लागते. रेल्वेने यायचे तर रोह्याला उतरणे सोयीचे, कारण कोलाड स्टेशनवर थोड्याच गाड्या थांबतात. याच कोलाडहून १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून गोव्याकडे नेले जातात. ट्रक आगगाडीत बसलेला पाहणे हीच आमच्या मुलांसाठी अर्धी सहल ठरली.

आम्ही एक चूक केली. जुम्याची नमाज अदा करून निघालो, वाटेत गाड्यांच्या रांगेत अडकलो आणि नदीवर पोहोचलो तेव्हा मगरिब जवळ आली होती. तंबू ठोकायचा तो उजेडातच. असरच्या आत पोहोचाल असे निघा.

दिवस निवडताना थंडीचेच निवडा. पावसाळ्यात नदीकाठचा मुक्काम नकोच, आणि उन्हाळाही नको. जवळच्याच भिरा गावी मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. लहान मुले आणि वडीलधारी माणसे सोबत असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, हाच काळ बरा.

तंबू कुठे ठोकावा?

शेताच्या मालकाची परवानगी आम्ही फोनवर आधीच घेतली होती. शौचालय आणि विजेचा एक दिवा होता. पण मुलांना हवी होती पाण्याच्या अगदी कडेची, गोल गुळगुळीत गोट्यांची सपाट जागा. आम्ही तिथे सामान उतरवलेही. इतक्यात शेताची राखण करणारे म्हातारे बाबा बॅटरी घेऊन आले.

"अहो, तिथं नका टाकू. सकाळी पाणी येतं."

"बाबा, पाऊस नाही काही नाही, पाणी येणार कुठून?"

"भिऱ्याचं येतं. वरती वीज केली की सोडतात. तुम्ही आपले आंब्याखाली या."

आम्ही मुकाट्याने सामान उचलले.

या नदीचे असे आहे. घाटमाथ्यावर मुळशीचे धरण आहे. ते बांधताना जमिनी गेल्या म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण मात्र झालेच. पूर्वेकडे वाहून जाणारे ते पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला खाली उतरवले जाते आणि भिऱ्याच्या वीजघरात त्यापासून वीज तयार होते. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज झाल्यावर पाणी कुंडलिकेत येते. म्हणून आजूबाजूच्या नद्या हिवाळ्यानंतर आटत जातात, तेव्हाही कुंडलिका वाहत असते. आणि म्हणूनच ती पावसाचा थेंब नसतानाही चढते.

प्रेषितांनी (स.) प्रवाशांना सांगितले आहे की रात्री मुक्काम करताना रस्ता सोडून उतरावे, कारण रात्री ती जनावरांची आणि विषारी किड्यांची वाट असते. नदीच्या पात्रातील गोटे ही पाण्याची वाट आहे. गोल गोटा दिसला की समजावे, इथून पाणी जाते. गवत आणि मोठी झाडे जिथे सुरू होतात, त्याच्याही वर तंबू ठोकावा.

समुद्रावर याच नियमाचे दुसरे रूप आहे. वाळूवर सुकलेले शेवाळ, काटक्या आणि कचरा यांची एक ओळ दिसते. मागच्या मोठ्या भरतीचे पाणी तिथवर आले होते. तंबू तिच्या बराच वर, सुरूच्या झाडांकडे हवा. माडाखाली मात्र नको, नारळ सांगून पडत नाही. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि ती पिशवी वाळूत पुरा, म्हणजे तंबू वाऱ्याला दाद देत नाही.

आणखी एक गोष्ट. एका प्रवासात सहाबा दऱ्याखोऱ्यांत विखरून उतरले, तेव्हा प्रेषितांना (स.) ते आवडले नाही. त्यानंतर ते इतके जवळ जवळ उतरू लागले की एका कापडाखाली सगळे मावतील असे वाटावे. आम्ही चारही तंबू तोंडे आत करून गोलात लावले. दादीचा आणि मुलींचा तंबू शौचालयाच्या बाजूला. रात्री कोणीही एकट्याने उठायचे नाही, बॅटरी घेऊन दोघांनी जायचे. भाईजानना अमीर केले होते. "पाण्यात उतरू का?" हा प्रश्न फक्त त्यांनाच विचारायचा, एवढ्याने पुष्कळ वाद टळले.

वजू, किब्ला, चूल

काठावरचा मुक्काम म्हटला की बायकांना पहिली काळजी वजूची. दोन बांबू, एक दोरी आणि दोन जाड चादरी एवढ्यावर उत्तम आडोसा होतो. बादली आणि तोटीचा लोटा घरून न्या. नदीत उतरून वजू करण्याचा मोह टाळा, शेवाळावर पाय सरकतो.

किब्ल्याबाबत आमची गंमत झाली. मुलांनी मावळतीकडे तोंड करून मुसल्ले अंथरले. पण हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे झुकून मावळतो आणि आपल्या कोकणातून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे. म्हणजे थंडीच्या दिवसांत मावळत्या सूर्याकडे तोंड केले, तर बरेच उजवीकडे वळावे लागते. होकायंत्राने एकदा दिशा पाहा आणि झाडाला चिंधी बांधून ठेवा. मुंबईहून एवढे अंतर आल्यावर नमाज कसर होते. आम्ही शाफई असल्याने जमाही केली. सोबतचे हनफी जावईबापू वेळेवर वेगळी पढले. दोन्ही जमाती एकाच सतरंजीवर झाल्या.

खाण्याचे म्हणाल तर कोंबडी आपल्या खाटकाकडून घेऊन, मसाला लावून बर्फात नेली. बाहेर विचारपूस करत बसावे लागले नाही. आणि या दिवसांत रायगडात येऊन पोपटी न करणे म्हणजे ईदला शीरखुर्मा न करणे. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाल्याची कोंबडी, ओवा आणि जाडे मीठ. वरून पुन्हा पाला कोंबून तोंड घट्ट बंद करायचे. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने वास सांगतो. बाबांनाही पान वाढले. त्यांनी कोंबडी नको म्हटले आणि शेंगा मात्र मनापासून खाल्ल्या.

झोपण्यापूर्वी विस्तव पाणी ओतून विझवावा. हीही प्रेषितांची (स.) ताकीद आहे, आणि तंबूचे कापड ठिणगीला क्षणात पेटते. बूट आत ठेवावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत, विंचवाला उबदार जागा आवडते. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावा.

सकाळचे पाणी

फजरनंतर आम्ही चहा घेऊन आंब्याखाली बसलो होतो. नदी शांत होती. मग वरच्या अंगाला आवाज आला, वाऱ्यासारखा. पाणी बघता बघता गढूळले आणि एकेक गोटा दिसेनासा होऊ लागला. काल जिथे आम्ही सामान उतरवले होते, ती जागा आमचा चहा संपायच्या आत बुडाली. धाकट्याने तिथे विसरलेले पातेले तरंगत गेले. कोणी हसले नाही. तिथे आम्ही चौदा जण झोपलो असतो. दादी फक्त "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाली आणि तिने बाबांना बोलावून आपल्या हाताने चहा दिला.

याच पाण्यावर कोलाडचे राफ्टिंग चालते. मोठी मुले-मुली गेली. मुलींना आम्ही अबाया घालू दिला नाही. पायघोळ कपडा पाण्यात पायांत गुंडाळतो. पूर्ण बाह्यांचा ढगळ कुर्ता, विजार, आणि पिना न लावता मानेमागे घट्ट बांधलेला ओढणीचा रुमाल पुरतो. वर लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळलेले हवेत. पाणी कधी सुटेल हे रोज सारखे नसते, तेव्हा आदल्या संध्याकाळी स्थानिकांना विचारावेच.

जिथे नदी संपते

रविवारी परतताना रोह्यावरून साळाव गाठले आणि पूल ओलांडून रेवदंड्याला उतरलो. कुंडलिका इथेच समुद्राला मिळते. एका बाजूला कोर्लईचा किल्ला, दुसऱ्या बाजूला रेवदंडा आणि लगतचे चौल. हिजरी ३०४ मध्ये अरब प्रवासी मसूदी या बंदरात आला होता आणि इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले. ते सगळे वारा आणि भरती ओळखणारे दर्यावर्दी व्यापारी. आणि त्याच किनाऱ्यावर आम्ही चौदाव्या चांदाला तंबू टाकून झोपलो होतो!

दादीने मुलांना वाळूत बसवून हिशेब शिकवला. चांदाच्या तारखेत एक मिळवा, त्याचा पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. पंधरावर आकडा गेला तर आधी पंधरा वजा करा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण फसवत नाही. चौदावा चांद म्हणजे पंधराचा पाऊणपट, सव्वाअकरा. दिवसा आणि रात्रीही, आणि तेही उधाणाचे पाणी. त्या दिवशी चांद आठवा होता. नऊचा पाऊणपट पावणेसात. दुपारचा एक वाजला होता आणि समुद्र दूर मागे सरकला होता.

हिजरी तारीख आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर असते. रोजा आणि ईद सोडून आपण तिच्याकडे पाहत नाही. पुढच्या वेळी किनाऱ्यावर निघताना आधी तिच्याकडे पाहा. नदीवर जाणार असाल, तर काठावरच्या एखाद्या बाबांना विचारा.