लाल जर्सीतल्या पोरास

लाल जर्सीतल्या पोरा,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं. 10 ऑगस्ट 2025, रविवारची संध्याकाळ. अकोटच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर तुम्ही चार-पाच जण बिस्किटांच्या बरणीला मोबाइल टेकवून सामना पाहत होता. लंडनचं वेम्बली मैदान, लिव्हरपूल विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. तुझ्या अंगात मँचेस्टर युनायटेडची जर्सी, म्हणजे या सामन्याशी तुझा संबंध एवढाच की लिव्हरपूल हरावं. मनगटावर आदल्या दिवशीची राखी. श्रद्धांजलीसाठी खेळाडू उभे राहिले, मोबाइलमधून गलका ऐकू आला आणि तू खदखदून हसलास. "अबे, शांतता बी नाही भेटली यायले!"

मी चहा पिऊन निघून गेलो. तेव्हा बोलायला हवं होतं, ते आता लिहितो.

ती शांतता दिओगो जोटासाठी होती. लिव्हरपूलचा 20 नंबरचा खेळाडू, वय 28. 3 जुलैला स्पेनमध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला. सोबत धाकटा भाऊ आंद्रे, तोही फुटबॉलपटूच. दोघेही गेले. जोटाचं लग्न होऊन अकरा दिवस झाले होते.

वेम्बलीवर पॅलेसच्या बाजूनं आवाज येत राहिला, लिव्हरपूलवाले चिडून हुर्यो करू लागले आणि रेफ्रीनं मिनिट पुरं होण्याआधीच आवरतं घेतलं. लिव्हरपूलचे प्रशिक्षक आर्ना स्लॉट नंतर म्हणाले की, हे ठरवून झालेलं वाटत नाही; काहींना शांतता सुरू झाल्याचं कदाचित कळलंच नसेल, आणि पॅलेसचेच दुसरे प्रेक्षक त्यांना गप्प करत होते. गंमत बघ, गप्प करणाऱ्यांचाही आवाजच होतो. गोल एका बाजूला करता येतो, घोषणा एका बाजूला देता येतात. शांतता मात्र दोन्ही बाजूंनी मिळूनच पाळावी लागते. हजारोंतला एक फुटला की गेली.

आता तुझ्या जर्सीविषयी. 6 फेब्रुवारी 1958 ला म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडचं विमान कोसळलं. 23 माणसं गेली, त्यांत तुझ्या संघाचे आठ खेळाडू. पुढं कित्येक वर्षं विरोधी प्रेक्षक त्या विमानावरून अचकट विचकट गाणी म्हणत. त्यात मँचेस्टर सिटीवालेही होते, त्याच शहरातले. 2008 मध्ये या घटनेला पन्नास वर्षं झाली आणि नेमका त्याच आठवड्यात, 10 फेब्रुवारीला, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर युनायटेड-सिटी सामना आला. सगळ्यांच्या पोटात गोळा. शांतता नको, टाळ्याच वाजवू, म्हणजे कोणी ओरडलं तरी झाकलं जाईल, अशी सूचना सिटीच्या समर्थक संघटनेकडूनच आली होती. आपल्या माणसांवर त्यांचाच भरवसा नव्हता! तरी शांतताच ठरली. आणि सिटीवाल्यांनी ती पाळली. मग सामना 2-1 नं जिंकलाही. म्युनिकला गेलेल्यांत फ्रँक स्विफ्ट होता, सिटीचा जुना गोलकीपर. पत्रकार म्हणून त्या विमानात बसला होता. म्हणजे ज्या विमानावरून सिटीवाले गाणी म्हणत, त्यात त्यांचाही माणूस होता.

आपल्याकडं धुऱ्यावरून भांडण लागतं, ठाऊक आहे ना? हातभर धुऱ्यासाठी सख्खे चुलतभाऊ अकोल्याच्या कोर्टात चकरा मारतात, पोळ्याला एकमेकांच्या दारी बैल नेत नाहीत. पण एका घरात मयत झाली की सुतक दोन्ही घरांना. बोलणं बंद असो, सुतक चुकत नाही. तेराव्यानंतर पुन्हा कोर्टाची तारीख.

लिव्हरपूल शहरात तसंच झालं. एव्हर्टन म्हणजे लिव्हरपूलची भावकीच, एकाच गावातलं वैर. जोटा गेल्यावर लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानाच्या फाटकाशी एव्हर्टनच्या निळ्या जर्स्या आणि फुलं येऊन पडली. तू हे वैर हजारो मैलांवरून मोबाइलमधून उसनं आणलंस, त्यातल्या शिव्या घेतल्यास, सुतक तिकडंच ठेवून आलास.

घरचंच उदाहरण हवं तर कोलकाता बघ. 16 ऑगस्ट 1980, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. गॅलरीत मारामारी उसळली, चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक गेले. सामना पाहायला घरून निघालेली माणसं. तो दिवस तिथं फुटबॉलप्रेमी दिन म्हणून रक्तदानानं पाळतात. बाटलीवर संघाचं नाव नसतं. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर शहर पेटलेलं असताना या दोन संघांचा सामना रद्द झाला, तेव्हा दोन्हीकडचे लोक आपापले झेंडे घेऊन सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले आणि पोलिसांच्या लाठ्याही एकत्र खाल्ल्या. आपल्या कोल्हापुरातही पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या फुटबॉल संघांचं वैर शाहू स्टेडियमवर हातघाईला येतं, पण सकाळी मंडईत तीच माणसं समोर उभी असतात. तुझ्यासमोर मात्र कोणी उभं नाही, म्हणून तुला हसायला सोपं गेलं.

तुला एकट्यालाच का बोलू? आपल्या तालुक्यातल्या एका स्पर्धेत एका जुन्या खेळाडूला दोन मिनिटं श्रद्धांजली होती. माइकवाला 'ओम शांती' म्हणेपर्यंत मी घड्याळ पाहिलं, पंचवीस सेकंद! पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. 30 जानेवारीला अकरा वाजता हुतात्म्यांसाठी भोंगा वाजतो, तेव्हा रस्त्यावर किती गाड्या थांबतात, तेही बघ. त्या गाड्यांत एकदा मीही होतो.

त्या संध्याकाळी तुमच्यात लिव्हरपूलच्या जर्सीतला एक बारका पोरगा होता. तू हसलास तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता बरणी सरळ करत बसला. पॅलेसनं पेनल्टीवर सामना जिंकला, तेव्हा तो रडकुंडीला आला असेल. त्यावर तू हसलास तर माझी हरकत नाही, ती हारजीत आहे.

फेब्रुवारीत, म्युनिकच्या तारखेच्या आसपास, युनायटेडचा सामना असेल तेव्हा टपरीवर निरोप ठेव. मी येतो. त्या बारक्यालाही बोलाव, आणि मोबाइल त्याच्याच हातात दे. चहा माझ्याकडून.

टपरीवरचा काका
अकोट