कोपरापासून चार बोटं

आमच्या स्वयंपाकघराच्या नकाशावरची पहिली रेघ पंचगंगेनं ओढून ठेवलेली आहे. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, घाटाच्या अंगाला घर. आतल्या भिंतीवर कमरेच्या उंचीला मातकट पट्टा आहे. रंगाचे कितीही हात दिले तरी पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली की तो वर येतोच. जुलै लागला की इथं माणसं खुशाली विचारायच्या आधी विचारतात, "बंधाऱ्यावर किती फूट झालं?" राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे पेठेतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले याची बातमी आली की धान्याचे डबे माडीवर चढू लागतात. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021च्या जुलैमध्ये 56च्याही वर.

पाणी उतरल्यावर स्वयंपाकघरात पाय टाकलेल्या बाईला विचारा, कट्ट्याखाली काय असावं. ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगून पदर सुटलेले असतात, सनमायका सोलून लोंबत असतो, कप्पे गाळानं चिकटून ओढले तरी हलत नाहीत. ट्रॉल्यांच्या पाठीमागं साचलेल्या चिखलाचा वास दिवाळीपर्यंत जात नाही. त्याच घरात, त्याच पाण्यात उभं असलेलं जुनं फडताळ मात्र चार बादल्या पाण्यानं धुऊन निघालं. विटांच्या भिंती, मध्ये कडाप्प्याचे कप्पे, दार नावाला. सासऱ्यांच्या काळातल्या गवंड्यानं ते बांधलं, तेव्हा त्याला मॉड्युलर किचन माहीत नव्हतं, पण नदी माहीत होती.

म्हणून शोरूममधली चकचकीत चित्रं बघून आल्यावर मी घरात खडूनं एकच नियम लिहिला. पट्ट्याच्या खाली जे असेल ते धुऊन पुन्हा वापरता आलं पाहिजे. पट्ट्याच्या वर हौस. खाली दगडाचे कप्पे, स्टेनलेस स्टीलच्या जाळ्या आणि बिजागरीतून उचलून काढता येतील अशी दारं. लाकूड, लॅमिनेट, काच, जे काय मनात असेल ते वर. विजेचे सगळे पॉइंट छातीच्या उंचीला, आणि स्वयंपाकघराचं सर्किट बाकीच्या घरापासून वेगळं. मोरीच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, कारण पुराचं पाणी दारातून येण्याआधी मोरीच्या भोकातून वर येतं, हे नदीकाठच्या घरांना कुणी शिकवावं लागत नाही.

फ्रिजची जागा ठरवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. गॅस, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण करावा, त्याची एकेक बाजू चार ते नऊ फुटांची असावी, असं स्वयंपाकघर आखणारे सांगतात. ते बरोबरच आहे, रोजची पावलं वाचतात. पण आमचा फ्रिज त्या त्रिकोणाच्या बाहेर, जिन्याच्या तोंडाशी उभा राहणार आहे. दोन माणसांनी धरून तो माडीवर न्यायचा असतो, आणि ती वेळ येते तेव्हा बहुधा रात्र असते, लाइट गेलेली असते. दुधाच्या पातेल्यासाठी रोज चार पावलं जास्त चालायला माझी ना नाही.

सिलिंडर परड्यात जाईल, जाळीच्या कपाटात. 14.2 किलोचा भरलेला सिलिंडरसुद्धा पुराच्या पाण्यावर तरंगतो, म्हणून त्याला भिंतीतल्या कडीला साखळी हवी. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि बसून राहतो. कपाटाला झरोका वर ठेवून भागत नाही, खाली जमिनीला टेकून हवा.

पण पूर दरवर्षी येत नाही. भाकरी रोज होते.

आमच्या घरी भाकरी आत्या करतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय झालं, गुडघे गेले, तरी भाकरीचं काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात शेणानं सारवलेली जमीन होती, चूल होती, चुलीला वैल होता आणि मागच्या भाणवशीवर कालवणाची भांडी ऊब धरून बसलेली असायची. नंतर गॅस आला, गॅसबरोबर उभा कट्टा आला आणि सगळं घर एकदम उभं राहून रांधायला लागलं. धुरापासून डोळे सुटले, सारवणापासून कंबर सुटली, हे उपकार लहान नाहीत. मात्र कट्टा किती उंच असावा हे त्या वेळी आत्यांना कुणी विचारलं नाही. 33 इंच धरायची रीत होती, 33 इंच धरलं.

आत्यांची उंची पाच फूटही नाही. मी एका सकाळी नुसती दारात उभी राहून त्यांचं काम बघितलं. ज्वारीचं पीठ जुनं होतं, चिकटपणा कमी, म्हणून त्यांनी आधण ओतलं. उलथन्यानं हलवलं, वाफ जरा बसू दिली आणि मग तळहाताच्या टाचेनं मळायला घेतलं. मळणं हे हाताचं काम नाहीच. खांद्यातून वजन खाली उतरतं, कोपरातून सरळ जातं आणि टाचेखाली पिठात जिरतं. आत्यांचं वजन खाली उतरायला जागाच नव्हती. परातीचा काठ त्यांच्या कोपराशी आलेला, त्यामुळं खांदे कानाकडं चढलेले, आणि जोर यावा म्हणून त्या टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहिलेल्या. गोळा झाला, पीठ भुरभुरलं, भाकरी बोटांखाली गरगर फिरत मोठी झाली, तव्यात पडली, वरून पाण्याचा हात फिरला. पाणी सुकायला लागतं तेवढ्या वेळात त्यांनी उजव्या हातानं डावा खांदा दाबला. हा हात किती वर्षं असाच जात असेल! भाकरी फुगली, पापुद्रा सुटला, टोपलीत गेली. दुसरा गोळा.

"आत्या, खाली बसून बडवाल काय?"

"बसायला ईल गं, उठवणार कोन?"

एवढ्या एका वाक्यात आमच्या कट्ट्याची अर्धी रचना ठरली. खाली बसता येत नाही, फार वेळ उभं राहवत नाही. मग मध्यम मार्ग एकच: स्टूल. 18 इंच उंचीच्या स्टुलावर आत्यांना बसवलं तेव्हा कोपर जमिनीपासून साधारण 27 इंचांवर आला. मळण्या-थापण्याचं काम कोपराच्या खाली असावं लागतं, निदान चार बोटं. त्यातच परातीची जाडी धरायची. म्हणून त्यांच्या वाट्याचा कट्टा 24 इंच, खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा, आणि हात लांबवला की तवा येईल असा एक बर्नर. कट्ट्याच्या त्या तुकड्याखाली कप्पा नाही, ट्रॉली नाही. साठवणीची जागा गेली म्हणून हळहळ वाटणाऱ्यांनी खुशाल वाटून घ्यावी.

बाईचं काम बघून, मोजून स्वयंपाकघर आखावं हा विचार नवा नाही. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पी बाईंनी 1926मध्ये फ्रांकफुर्ट शहरातल्या कामगारवस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम 1.9 मीटर रुंद, 3.4 मीटर लांब. रेल्वेच्या भोजनडब्यातली चिंचोळी मुदपाकखोली त्यांच्या डोळ्यांपुढं होती, कामाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजलेला होता. पीठ, तांदूळ, साखर यांच्यासाठी नावं कोरलेले अॅल्युमिनियमचे खण होते, बसून काम करायला फिरतं स्टूल होतं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथं बांधली गेली, आणि आज जगभर ज्याला मॉड्युलर म्हणतात त्याची ही आजी. शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं दुसऱ्या बाईचे कष्ट इतक्या गांभीर्यानं मोजले, याचा मला मनापासून आदर वाटतो. तरी ते स्वयंपाकघर एकट्या बाईचं होतं. दुसरं माणूस आत आलं तर तिला सरकावं लागे. आमच्याकडं आत्या भाकरी बडवत असतात, मी फोडणी घालत असते, हे कांदा चिरत असतात, आणि पोरगं दोघांच्या मधून हात घालून गरम भाकरीचा पापुद्रा उचलत असतं. इमारतींची राष्ट्रीय संहिता स्वयंपाकघराला निदान 5 चौरस मीटर जागा सांगते, तिथंच जेवायचं असेल तर 7.5. किती माणसांच्या कोपरांना किती जागा लागते, हे ज्या त्या घरानं आपलं आपण बघायचं.

रश्श्याचंही माप असतं. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा असते. त्या मंगळवारी-शुक्रवारी पेठेत घरोघर मटण शिजतं, तांबडा आणि पांढरा दोन्ही, आणि पाहुण्यांच्या हिशेबानं भांडं काढावं लागतं. आता 33 इंचांच्या कट्ट्यावर चार इंचांची शेगडी ठेवा, तिच्यावर नऊ-दहा इंचांचं पातेलं. काठ जमिनीपासून 46-47 इंचांवर गेला. सव्वापाच फुटांच्या बाईच्या छातीशी. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घातल्यावर तो फुटू नये म्हणून सतत ढवळत राहावं लागतं, आणि ते या उंचीवर, हात उचलून, वाफ तोंडावर घेत. आत काय चाललंय ते दिसत नाही ते वेगळंच. म्हणून शेगडीचा कट्टा 28 इंचांवर उतरवायचा, चिराचिरीचा 33 वरच ठेवायचा, कारण तिथं हे आणि मी उभे राहतो.

गवंडी म्हणाला, "वहिनी, ग्रॅनाइट एका लेव्हलला असंल तर दिसायला भारी. ह्या पायऱ्या कशाला?" त्याचं म्हणणं खोटं नाही, सरळ काळी पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छान दिसते. मी त्याला परात दिली, त्यात पीठ दिलं आणि म्हटलं, जरा गुडघ्यात वाकून आत्यांएवढं व्हा आणि मळा. त्यानं खरंच मळून बघितलं. मग खिशातली पेन्सिल काढली आणि काही न बोलता भिंतीवर तीन रेघा मारल्या.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींना नव्या सिंकबद्दल विचारलं तेव्हा त्या आधी गप्पच राहिल्या. या घरातल्या कुठल्या वस्तूची उंची त्यांना कुणी विचारली नव्हती. नंतर मोकळ्या बोलल्या. सिंक खोल नको, वाकावं लागतं आणि पाठ धरते. नळाचं तोंड उंच हवं, म्हणजे कुकर खाली मावतो. आणि यात्रेची मोठी पातेली सिंकमध्ये घासायला सांगू नका, त्यासाठी परड्यातली मोरी राहू द्या, तिला उतार नीट काढा, पाणी पायात साचतं. आमच्या नकाशात परड्यातली मोरी बुजवायची होती. ती राहिली.

राहता राहिली चटणी. घराघराचं वर्षाचं तिखट मार्च ते मेमध्ये होतं, आणि कोल्हापुरात नुसतं तिखट होत नाही, कांदा-लसूण घालून चटणी होते. संकेश्वरी तिखटपणाला, ब्याडगी रंगाला, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला भाजून, आणि सगळं डंकावर कुटून. बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायचे, दादरा बांधायचा. अशा दोन मोठ्या चिनी मातीच्या बरण्या वर्षभर कुठं राहणार हे आधी ठरलं पाहिजे. सिंकच्या भिंतीला टेकून चालत नाही, ओल येते. शेगडीजवळ चालत नाही, तेल सुटून खवट होते. उजेड लागला की रंग उडतो. उंच माळ्यावर ठेवली तर उतरवणार कोण? जुन्या फडताळाचा मधला कप्पा, पट्ट्याच्या वीतभर वर, दोन्ही बाजूंनी आतल्या भिंती, दारामागं अंधार. चटणीला याहून चांगली जागा या घरात नाही. गुळाचा रवाही तिथंच, पावसात पाणी सुटू नये म्हणून. त्यामुळं फडताळ पाडायचा बेत रद्द झाला आणि त्याला फक्त नवं दार मिळणार आहे.

आता काम मृगाच्या आत उरकायचं आहे, कारण एकदा पाऊस लागला की गिलावा वाळत नाही. गवंडी म्हणतो पाडव्यानंतर लगेच कट्टा फोडू. मी सोप्यात तात्पुरती शेगडी मांडायची जागाही बघून ठेवली. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. नव्या कट्ट्याचं 24 इंचाचं माप त्यांना पसंत आहे. स्टुलावर बसून त्यांनी दोनदा हवेत भाकरी बडवून बघितली. पण फोडायच्या तारखेला त्यांचा ठाम नकार आहे.

"मिरच्या उन्हात पडल्यात, खोबरं भाजायचंय, लसूण सोलायचाय. सोप्यात बसून हुतंय व्हय ते? आदी चटणी कुटून हू दे. मग फोडा काय फोडायचंय ते."

गवंड्याला मी तसा निरोप दिला. त्याची काहीच हरकत नव्हती. त्याच्याही घरात चटणी व्हायची आहे.