देवळीतली ब्रँडी

आजीच्या घरातल्या देवळीत दोनच बाटल्या असायच्या. एक एरंडेलाची, दुसरी ब्रँडीची. धारूरच्या घाटाखालच्या त्या वाडीत दारू पिणाऱ्याचं नाव लोक हळू आवाजात घेत. ब्रँडीचं मात्र उघड घेत, कारण ती दारूत मोजलीच जात नव्हती. पोराला पडसं झालं, बाळंतिणीला हुडहुडी भरली, म्हाताऱ्याची छाती दाटली, की त्या चपट्या बाटलीचं बूच निघायचं. "नाक दाब अन् गपकन गीळ," आजी म्हणायची. सात-आठ वर्षांचा नातू नाक दाबायचा. चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यातून घशाखाली उतरायची आणि पोटात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं.

ती ऊब फसवी असते, हे त्याला फार पुढं कळलं. अल्कोहोलनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंगाला गरम वाटतं, पण त्याच वेळी शरीर आपली उष्णता बाहेर टाकत असतं. थंडीवरचा तो उतारा नव्हेच, आणि लेकराच्या तोंडी तो चमचा जायलाच नको होता. आजीनं तो मायेनंच दिला होता. त्या चमच्यासोबत एक सवयही लागली: ब्रँडी समोर आली की नाक बंद करायचं.

नाकाचं खरं शिक्षण त्याच वाडीत, सीताफळावर झालं. बालाघाटच्या डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत, कुणी पाणी न घालता ही झाडं वाढतात. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्रही आहे. वाडीतल्या पोरांना मात्र फळ 'डोळा उघडतं' एवढंच ठाऊक होतं. खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर दिसायला लागल्या की फळ तोडायचं, गवतात घालून ठेवायचं. मग रोज सकाळी आजी त्याला गवताशी वाकायला लावायची. "वास घे अन् सांग, आजचं कुठलं, उद्याचं कुठलं?" तो हात न लावता सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर यायचं.

या फळाची एक अडचण आहे. ते फार टिकत नाही, आणि गराला आच लागली की तो कडवट पडतो. म्हणून त्याचा गर गोठवून ठेवतात. आंब्यासारखा आटवून बरणीत भरता येत नाही.

सीताफळं संपत आली की वाडी रिकामी व्हायची. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर यायचे. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या घेऊन उसाच्या फडावर निघायची. नवराबायकोच्या जोडीला तिथं 'कोयता' म्हणतात. त्याचे आई-बाप असाच एक कोयता होते. शाळा बुडू नये म्हणून तो आजीजवळ राहायचा आणि थंडीच्या चार महिन्यांत देवळीतल्या बाटलीची गाठ पडायची.

अंबाजोगाईला रसायनशास्त्र घेऊन तो बीएस्सी झाला आणि नगरकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत लागला. पहिल्या आठवड्यातच त्याला हिशेब उमगला. टनभर ऊस गाळला की साखर काढून सुमारे ४० ते ४५ किलो मळी उरते. तेवढ्या मळीतून साधारण दहा लिटर अल्कोहोल निघतं. आपल्याकडे ब्रँडी म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं हेच: मळीच्या स्पिरिटात थोडी द्राक्षाची ब्रँडी, रंगासाठी जळकी साखर, वरून स्वाद. बाटलीवर ४२.८ टक्के. म्हणजे आजीच्या चमच्यातली ब्रँडी बहुधा आई-बापाच्याच कोयत्याखालून आलेली होती.

तिथं त्याचं काम होतं वास शोधण्याचं, पण नसावा म्हणून. उंच मनोऱ्यांतून वाफ पुन्हा पुन्हा चढते-उतरते आणि स्पिरिट ९६ टक्क्यांच्या आसपास शुद्ध होतं. त्याला मळीचा, आंबवणाचा, कसलाही वास उरता कामा नये. तो नमुना पाण्यात पातळ करायचा, हुंगायचा आणि वहीत 'निर्गंध' असं लिहायचा. या शेऱ्याचा त्याला अभिमान वाटायचा. फडावरून घरी आलेल्या आईच्या लुगड्याला मात्र पाचटाचा वास महिनाभर असायचा.

मग एकदा नाशिकला जाणं झालं. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, त्यानंतर त्या भागात वाईनरी उभ्या राहत गेल्या. त्यातल्या एका ठिकाणी तांब्याचं भांडं होतं, गावातल्या बंबाच्या थोरल्या भावासारखं. द्राक्षाची ताजी वाईन त्यात दोनदा उकळली जायची. नऊ-दहा लिटर वाईनमागे लिटरभर अर्क. आधी येणारी धार झोंबरी म्हणून बाजूला काढायची, शेवटची उग्र म्हणून बाजूला काढायची, मधली ठेवायची. तांबं गंधकाचे नकोसे वास शोषून घेतं. आणि तो जिथं चकित झाला ती गोष्ट ही की, अर्क ७० टक्क्यांच्या आसपासच थांबवतात. आणखी शुद्ध केला तर फळ निघून जातं.

चाखायला मिळाली ती ओकच्या पिंपात जेमतेम वर्ष काढलेली ब्रँडी. रंग फिक्या गवतासारखा. फ्रान्समधली कोन्याक दोन वर्षांआधी विकताही येत नाही, त्या मानानं ही अगदीच पोरवयातली. यजमानांनी तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता असा छोटा ग्लास दिला. नाक आत खुपसू नका, हनुवटीपाशी धरा, म्हणाले. त्यानं धरला. आधी हिरवं द्राक्ष आलं, मग नासपतीची साल, मग किंचित केळं. केळ्याचा हा वास यीस्टनं आंबवताना तयार केलेल्या एस्टरचा, हे त्याला पुस्तकातून पाठ होतं. नाकानं ते प्रथमच कळलं. चार थेंब पाणी घातल्यावर फुलांचा वास मोकळा झाला. घोट जिभेवर पसरू दिला तेव्हा कडा बोचऱ्या होत्या, लाकडाचा तुरटपणा अजून मुरला नव्हता. पिंपात आणखी वर्षं गेली की व्हॅनिला येतो, सुका मेवा येतो, गोलाई येते, पण हे ताजं फळ मागं सरतं. त्याला ते फळच हवं होतं. गवताशी वाकून सीताफळ हुंगणारा पोरगा त्या ग्लासावर वाकला होता.

एक बाटली घेऊन तो दिवाळीला वाडीवर आला. आजी नव्हती. बापानं कोयता ठेवून चार वर्षं झाली होती, बोटं मात्र मूठ धरल्यासारखी वाकलेलीच राहिली. बाप माळकरी, थेंबाला शिवणारा नव्हे. पण वास घ्यायला त्याची हरकत नव्हती. त्यानं ग्लास दोन्ही तळव्यांत धरला.

"द्राक्षं हैत की ह्यात."

मग त्यानं देवळीकडं बोट केलं. तिथली चपटी बाटली अजून होती, तळाशी बोटभर. ती हुंगून म्हणाला, "औषध." थोड्या वेळानं विचारलं, "ही उसाची म्हणतोस ना? मग उसाचा वास कुठं गेला?"

पोरानं त्याला मनोऱ्यांचं सांगितलं, वाफेचं सांगितलं, वहीतल्या शेऱ्याचं सांगितलं. बाप ऐकत होता. रस्त्याला ट्रॅक्टर लागले होते, शेजारची सून शेळीला वर चढवत होती. ग्लास विसळायला तो उठला, तर बाप म्हणाला, "राहू दे."

रात्रीतून अल्कोहोल उडून जातं आणि कोरड्या काचेला फळ चिकटून राहतं. पहाटे चहाआधी बाप ओसरीवर बसला होता, रिकामा ग्लास नाकाशी धरून.