पांढरी दोन, कॅपो दुसऱ्यावर

नमस्कार मंडळी,

(आमच्याकडे "मंडळी" म्हणजे चर्चमधले सगळे. इथे मात्र तुम्ही सर्व!)

न्यू जर्सीत आम्ही दहा-बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा उपासनेला जमतो. पेटी वाजवणारे काका निवृत्त होऊन अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या नगरला, परत गेले. दोन महिने नुसत्या टाळ्यांवर काढले. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण होस्टेलवर असताना मी गिटार घेतली होती. ती वाजवली किती, हे कुणी विचारलं नाही!

तर चौतिसाव्या वर्षी श्रीगणेशा (हो, आम्हीही असंच म्हणतो). लेक झोपली की बेसमेंटमध्ये अर्धा तास. पहिले काही आठवडे बोटांची टोकं इतकी हुळहुळायची की ऑफिसात कीबोर्डसुद्धा नकोसा वाटे. मेट्रोनोम ६० वर लावून एकच काम: एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जायचं, हात न अडखळता. जी, सी, डी आणि ई मायनर एवढं जमलं की इंग्रजी वर्शिपची बरीचशी गाणी निघतात. एफचा बार कॉर्ड टाळायला कॅपो आहेच. चार महिन्यांत वाटलं, जमलं की राव!

अडलं ते आपल्या भजनांपाशी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-कीर्तनाचा वारसा काही सोडला नाही. म्हणून "उपासना संगीत" उघडलं की पाश्चात्य चालींवरच्या गीतांशेजारी अस्सल मराठी भजनंही भेटतात. पाश्चात्य चालींना कॉर्ड आपोआप बसतात. भजनांचं तसं नाही.

माझ्या बाबांनी एका भजनाला भूपाच्या वळणाची चाल लावली होती. गावच्या चर्चमध्ये ते पेटीवर ती म्हणायचे. आता हाताला कंप आहे, पेटी बंद आहे. मी ती चाल गिटारवर बसवली आणि मोठ्या हौसेने फोनवर ऐकवली. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "वाजवतोस छान रे. पण हे आपलं वाटत नाही."

लागलं मला ते. रात्री वहीत स्वर लिहून काढले, अगदी डीबगिंग करतात तसं. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. सी म्हणजे सा धरला तर जीच्या कॉर्डमध्ये निषाद येतो आणि एफमध्ये मध्यम. म्हणजे बाबांनी जे दोन स्वर मुद्दाम टाळले, तेच मी प्रत्येक ओळीत वाजवत होतो! सी आणि ए मायनर मात्र पूर्ण भूपातले. राहिला जी. त्याची पाचवी तार बोटाने दाबून मुकी केली आणि दुसरी तार तिसऱ्या पट्टीवर धरली, की निषाद जातो, उरतात फक्त पंचम आणि रिषभ. गंमत म्हणजे हाच अर्धा जी वर्शिप बँडवाले सर्रास वाजवतात. मला तो येत होता, कशासाठी ते कळलं नव्हतं.

ठेकाही बदलला. केरव्याच्या पहिल्या मात्रेला अंगठ्याने खर्ज, पाचवीला हलका हात, बाकी जवळजवळ काही नाही.

फोनवर एकत्र म्हणता येईना, आवाज मागेपुढे व्हायचा. मग बाबांनी गाऊन रेकॉर्डिंग पाठवलं. बाबांची पट्टी पांढरी दोन, म्हणून कॅपो दुसऱ्यावर. त्यांच्या आवाजाखाली गिटार भरली आणि परत पाठवली. उत्तर यायला दोन दिवस लागले. आईने सांगितलं, रोज सकाळी लावतात.

मग बाबांचा फोन. म्हटलं, आता काय चुकलं? ते म्हणाले, "बरोबर आहे आता. फक्त पट्टी जरा खाली घे. वर पोचत नाही मी पूर्वीसारखा."

पांढरी एक, म्हणजे कॅपो नकोच.

काढून ठेवलाय. पुढच्या उपासनेलाही तसंच वाजवीन, लोकांना खाली वाटलं तरी चालेल.

असो. तुमच्यापैकी कुणी भजनांना गिटारची साथ करत असेल तर जरूर कळवा. सूरमल्हाराच्या वळणाची एक चाल अजून अडली आहे.

चू. भू. द्या. घ्या.