तोच फोन हवा

मागच्या महिन्यात आमच्या ह्यांच्या हातून फोन पडला. तुम्ही म्हणाल, बाई, फोन पडला यात लिहिण्यासारखं काय? सांगते.

नात्यातल्या बहुतेकांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी लिहिते. ह्यांना गेली दोन-अडीच वर्षं विसरण्याचा आजार आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. कधी कधी खाल्लं हेही आठवत नाही. पण त्या फोनचं खालचं गोल बटण त्यांच्या अंगठ्याला पाठ आहे. बटण दाबलं की समोर लेकीचा फोटो. फोटोवर बोट ठेवलं की बंगळुरात तिचा फोन वाजतो. दिवसातून तीनदा, कधी सहादा. ती बिचारी मीटिंगमधूनही उचलते आणि "बाबा, जेवलात का?" एवढं विचारते. तेवढ्यावर ह्यांची दुपार शांत जाते.

तर तो फोन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आपटला. काच तडकली, स्क्रीन काळी झाली. आतून रिंग वाजायची, पण दिसायचं काही नाही. हे आपले बटण दाबत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, ही कुठे गेली?"

मी तशीच रिक्षा करून पोवई नाक्यावरच्या एका दुकानात गेले. म्हटलं, "हाच द्या. अस्साच." काउंटरवरचा मुलगा हसला. "मॅडम, हे मॉडेल बंद होऊन पाच वर्षं झाली. नवीन आलं की जुनं बंदच करतात." आणि त्याने माझ्यापुढे तीन नवे फोन मांडले. एकालाही गोल बटण नव्हतं.

त्यातला एक घेतला. काय करणार? पण घरी हे त्या नव्या फोनच्या खालच्या कडेवर नुसता अंगठा दाबत राहिले. पुण्याहून माझा भाचा आला होता, त्याने सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनवरच तीन बटणं आणून दिली. दिसायला ती छान दिसतात, पण अंगठ्याला लागत नाहीत ना! दोन दिवसांनी ह्यांनी तो फोन उशाखाली सारला आणि जुना, काळा पडलेला फोन हातात घेऊन बसले.

आता माझा स्वभाव मास्तरणीचा. कोणी काही ठामपणे सांगितलं की ते तपासल्याशिवाय चैन पडत नाही. नवीन आलं की जुनं बंद, हे खरं का? भाचा याच धंद्यात आहे. त्याला समोर बसवून मी दोन तास प्रश्न विचारले. त्याने सांगितलेलं इथे मांडते, तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, ते अर्धंच खरं आहे. अ‍ॅपलचं उदाहरण घ्या, कारण त्यांचा कारभार सगळ्यांच्या नजरेसमोर असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ आला. त्या दिवशी १४ प्रो आणि १४ प्रो मॅक्स हे महागडे फोन कंपनीने विकायचे थांबवले. पण साधा १४ आणि त्याच्याही आधीचा १३ किंमत उतरवून चालूच ठेवले. मला गंमत वाटली. महागडा आधी गेला आणि साधा राहिला! भाचा म्हणाला, "मावशी, बरोबर आहे. नवा प्रो जुन्या प्रोच्याच किमतीत येऊन बसतो, मग जुना ठेवायचा कुठे? साधा मात्र उतरलेल्या किमतीत नवं गिऱ्हाईक आणतो." पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ ला १६ आला, तेव्हा १३ गेला. म्हणजे जुनं जातंच, पण लगेच नाही, एकेक पायरी खाली उतरत जातं. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनांचं तर बहुतेक वेळा कोणी जाहीरही करत नाही. दुकानात माल संपतो, नवा येत नाही, झालं.

आणि एक गोष्ट ऐकून मी गप्पच झाले. खाली गोल बटण असलेला अ‍ॅपलचा शेवटचा फोन म्हणजे २०२२ सालचा एसई. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला, १६ई आला त्याच दिवशी. जगात आमच्या ह्यांच्यासारखे किती अंगठे असतील, असं मनात आलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'बंद' हा एक शब्द आहे, पण त्यात चार वेगळी बंद आहेत. कारखान्यात बनणं बंद, दुकानात विकणं बंद, सुट्या भागांचा पुरवठा बंद आणि कंपनीकडून येणारे अपडेट बंद. ही चारही एका दिवशी होत नाहीत.

शाळेतले लोक हे लगेच ओळखतील. अभ्यासक्रम बदलला की नवी पुस्तकं यायची, पण म्हणून जुना अभ्यासक्रम एका रात्रीत मरत नसे. नापास झालेल्या मुलांसाठी बोर्ड आणखी काही वेळा जुन्या अभ्यासक्रमाचीच परीक्षा घ्यायचं. दुकानातून पुस्तक गेलेलं, वर्गातून धडा गेलेला, तरी कुठल्या तरी केंद्रावर एखादा मुलगा जुना पेपर सोडवत बसलेला असायचा. फोनचंही तसंच. २०१३ साली आलेल्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेचा अपडेट मिळाला होता. दुकानातून तो कधीच गेला होता! आता कंपन्या आधीच मुदत सांगू लागल्या आहेत. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट देऊ असं जाहीर केलं. आमच्यासारख्या स्वस्त फोनांच्या नशिबी मात्र सहसा एवढी वर्षं नसतात.

सुट्या भागांचंही तसंच. अ‍ॅपलच्या हिशेबात विक्री थांबून पाच वर्षं झाली की फोन 'व्हिंटेज' आणि सात वर्षं झाली की 'ऑब्सोलीट'. मला निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. या हिशेबाने मी केव्हाच ऑब्सोलीट! युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झाला आहे, की मॉडेलची विक्री संपल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि निदान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून. चांगलं आहे. पण माझा काळा पडलेला फोन त्या पोर्टलने उजळत नव्हता.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर आलं, "पार्ट येत नाही." तेव्हा आठवला ह्यांचा चेतक. बजाजने तो बनवायचा थांबवला त्यानंतरही आमचा मेकॅनिक क्लचची केबल कुठून तरी पैदा करायचा. म्हटलं, फोनचाही असा मेकॅनिक असेलच की.

आणि होता. स्टँडजवळच्या बोळात, चहाच्या टपरीशेजारी, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढं दुकान. त्या मुलाने फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "काकू, नवा डिस्प्ले मिळणार नाही. पण दुसरा मेलेला फोन मिळाला तर त्याचा काढून घालतो." त्याच्याकडे मेलेल्या फोनांचे दोन ड्रॉवर भरले होते. त्यात हे मॉडेल नव्हतं. "घरात आणखी एखादा पडलाय का असला?" त्याने सहज विचारलं.

तिथे माझ्या पोटात खड्डा पडला.

होता ना! २०१८ साली आम्ही दोघांनी एकसारखे फोन घेतले होते, जोडीने. माझा मी मागच्या दिवाळीत एक्स्चेंजमध्ये दिला. चांगला चालत होता. नव्या फोनवर बाराशे रुपये कमी होत होते, म्हणून दिला. आठवडाभर मी दुकानदारांना, कंपन्यांना मनातल्या मनात बोल लावत होते, आणि ह्यांच्या फोनचा एकुलता एक जोडीदार मी स्वतःच्या हाताने बाराशे रुपयांना घालवला होता. घरी येऊन हे कोणाला सांगितलं नाही. आज इथे सांगतेय.

त्या मुलाने नऊ दिवसांनी फोन केला. कराडच्या एका दुकानदाराकडून त्याने तसला एक बंद पडलेला फोन मिळवला होता. मदरबोर्ड गेलेला, पण डिस्प्ले शाबूत. सगळे मिळून चौदाशे घेतले. देताना म्हणाला, "काकू, जपून. पुढच्या वेळी मिळेलच असं नाही. आणि यावर बँकेचं काही ठेवू नका, याला आता अपडेट येत नाहीत." बँकेचं नव्हतंच. लेकीचा फोटो, माझा फोटो आणि रेडिओ, एवढंच आहे.

ह्यांनी फोन हातात घेतला, बटण दाबलं आणि "आली!" म्हणाले. नऊ दिवस तो फोन नव्हता, हे त्यांना आठवतही नव्हतं. मला आठवत होतं, कारण त्या नऊ दिवसांत ते रोज संध्याकाळी दारात जाऊन उभे राहायचे. कशासाठी ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

तेव्हा मंडळी, दोन गोष्टी. नवा फोन घ्याल तेव्हा दुकानदाराला कॅमेऱ्याआधी हे विचारा: अपडेट कोणत्या सालापर्यंत, आणि सुटे भाग किती वर्षं? घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर आणखी जपा. त्यांच्या हाताला सवय लागायला वर्ष लागतं आणि मॉडेल दोन वर्षांत जातं. जमलं तर एकाच मॉडेलचे दोन घ्या.

दुसरी गोष्ट आपल्या नातेवाइकांसाठी. ह्यांच्या फोनचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आहे. तसला कुणाच्या कपाटात, खणात, जुन्या पर्समध्ये पडलेला असेल, तर चालू असो की बंद, टाकू नका आणि एक्स्चेंजमध्ये तर मुळीच देऊ नका. मला कळवा. कुरिअरचे पैसे मी देईन.