पुठ्ठ्यावरचे शब्द

चादरींच्या खोक्यांचा पुठ्ठा जाड असतो. लहान मुलाने चावला, पायाखाली घेतला, तरी सहजासहजी फाटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घराआड घर यंत्रमागावर चालतं, तिथे अशा पुठ्ठ्याला तोटा नाही. बाबांनी कारखान्यातून रिकामी खोकी आणली, आईने त्यांच्या वीतभर लांब पट्ट्या कापल्या आणि जाड काळ्या मार्करने पहिल्या पट्टीवर लिहिलं, ‘आज्जी’. समोर बसलेली मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला डाउन सिंड्रोम आहे. त्या वयात तिच्या तोंडी जेमतेम काही शब्द होते, आणि तेही घरच्यांनाच कळायचे.

‘अजून बोलत न्हाई, आन् वाचायला काय शिकवलालीस?’ आज्जीने विचारलं. प्रश्न रास्त होता. आपल्याकडे क्रम ठरलेला आहे: मूल आधी बोलतं, मग अक्षर गिरवतं, मग वाचतं. या मुलांच्या बाबतीत मात्र तो क्रम उलटा लावून पाहावा लागतो. पुण्याच्या एका थेरपिस्ट बाईंनी आईला ते समजावून सांगितलं होतं.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींमध्ये 21 व्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत असते. 46 च्या जागी 47. जगात साधारण आठशे ते हजार जन्मांमागे एक मूल असं जन्मतं. इंग्लंडमधल्या जॉन लँग्डन डाउन या डॉक्टरांनी 1866 मध्ये या मुलांचं वर्णन लिहिलं, पण गुणसूत्राचं कारण सापडायला 1959 उजाडलं. त्या जास्तीच्या प्रतीमुळे स्नायू सैल राहतात, जीभ आणि ओठ हवे तसे वळत नाहीत. कानात पाणी साठून ऐकू कमी येणं फार सर्रास आढळतं. आणि ऐकलेलं क्षणभर डोक्यात धरून ठेवण्याची ताकद कमी असते. ‘पाणी’ हा शब्द हवेत उच्चारला की विरतो. मूल तो पकडेपर्यंत निघून गेलेला असतो. पुठ्ठ्यावर लिहिलेला ‘पाणी’ कुठेही जात नाही. या मुलांची पाहून लक्षात ठेवण्याची शक्ती ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बरीच चांगली असते, म्हणून डोळ्यांच्या वाटेने भाषा आत न्यायची.

ही वाट आधी एका बापाने शोधली, शास्त्रज्ञ तिच्यावर नंतर आले. इंग्लंडमधल्या लेस्ली डफन यांनी आपल्या सारा नावाच्या मुलीला तीन वर्षांची असल्यापासून शब्दांच्या कार्डांवरून वाचायला शिकवलं. सारा वाचू लागली आणि वाचलेले शब्द बोलूही लागली. 1980 मध्ये त्यांनी हा सगळा अनुभव पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना पत्राने कळवला. बकलींनी ते पत्र बाजूला ठेवलं नाही. त्यातून संशोधन उभं राहिलं, पुढे संस्था उभी राहिली, आणि पोर्ट्समथमधल्या केंद्राला साराचंच नाव दिलं गेलं. घरात बसून मुलांना शिकवणाऱ्या आईबापांच्या निरीक्षणाला विद्यापीठाने इतकं गांभीर्याने घेतल्याची उदाहरणं थोडी आहेत. ती जास्त असायला हवी होती.

पद्धत दिसायला साधी. आधी जुळवायचं: ‘आज्जी’च्या पट्टीवर दुसरी ‘आज्जी’ची पट्टी. मग निवडायचं: आज्जी कुठंय, दाखव. सगळ्यांत शेवटी सांगायचं: हे काय लिहिलंय? शेवटचा टप्पा महिनोन्‌महिने आला नाही तरी पहिले दोन चालू ठेवायचे, कारण बोट दाखवणारं मूलही वाचतच असतं. चूक करू द्यायची नाही, हात धरून बरोबर पट्टीपर्यंत न्यायचा. बाराखडी पाठ करून घेणं नंतर. क, का, कि, की ही साखळी कानावर आणि घोकंपट्टीवर उभी असते, म्हणजे नेमकी या मुलांच्या कच्च्या बाजूवर. मात्रा आणि वेलांट्या पुढे शिकाव्याच लागतात, पण ‘दूध’, ‘भाकरी’, ‘दादा’ हे शब्द चेहऱ्यासारखे ओळखीचे झाल्यावर त्या शिकणं सोपं जातं.

घरात प्रश्न निघाला तो भाषेचा. आज्जी नातीशी कानडीत बोलते. वरच्या मजल्यावरची काकू मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता तिला तेलुगूत हाका मारते. गल्लीत दखनी, घरात मराठी. ‘एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल गोंधळेल,’ असा सल्ला एका दवाखान्यात मिळाला होता, आणि तो आजही सर्रास दिला जातो. सोलापुरात हा सल्ला पाळायचा म्हणजे आज्जीने नातीशी बोलणं बंद करायचं. कॅनडातल्या एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या एकभाषिक आणि द्विभाषिक मुलांची तुलना प्रसिद्ध केली. दोन भाषांमुळे मुलं मागे पडतात असं त्यात आढळलं नाही. आईने ते कागद वाचायच्या आधीच निकाल लावला होता. वाचायच्या पट्ट्या मराठीत, बोलणं ज्याचं त्याच्या भाषेत. मुलगी आज्जीकडे ‘नीरु’ मागते, आईकडे ‘पाणी’, आणि माणसागणिक शब्द बदलताना ती अडखळत नाही.

शाळेत घातलं नाही असं नाही. सहाव्या वर्षी घातलं. 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झालेला होता, नाव नोंदवायला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. नाव नोंदलं गेलं. पण वर्ग भरलेला, बाईंच्या हाताशी मदतनीस नाही, आणि मुलगी शेवटच्या बाकावर दिवसभर तेच चित्र रंगवत बसलेली. वर्षअखेरीस तिला येत असलेल्या पट्ट्यांपैकी निम्म्या ती विसरली होती. त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही; अशा मुलाला कसं शिकवायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आईने मुलीला घरी आणलं.

कायदा इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण पालकांना तो अर्धवट सांगितला जातो. शिक्षण हक्क कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरच्या घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. डाउन सिंड्रोम असलेली बरीच मुलं या व्याख्येत बसत नाहीत. ती चालतात, बोलतात, शिकतात. त्यांच्यासाठी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे: 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. म्हणजे घर हा पर्याय हक्काने निवडायचा असतो, शाळेने दिलेली सोयीस्कर सुट्टी म्हणून नव्हे. हजेरीपटावर नाव, मुलगा घरी आणि घरी येणारा शिक्षक कधीतरीच, याला घरचं शिक्षण म्हणता येत नाही. आईबाप शिकवायला तयार आहेत म्हणून सरकारची जबाबदारी संपते, हे कुणीही मान्य करू नये. परीक्षेचा रस्ता हवा असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत, आणि दहावीचे विषय पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये, एकेक करून सोडवता येतात. ज्या मुलाला एका वेळी एकच विषय झेपतो त्याच्यासाठी ही फार मोठी सवलत आहे.

घरात सुरू झालेली शिकवणी कुठवर जाऊ शकते, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण मुंबईत आहे. जय वकील आणि त्यांच्या पतीच्या दीना नावाच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळा मिळत नव्हती. 1944 मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरातच वर्ग सुरू केला. आज शिवडीला उभी असलेली जय वकील संस्था ती हीच. तिथे घडवलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम आता राज्यभरातल्या विशेष शाळांत शिकवला जातो. 1944 साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्लंडमध्येसुद्धा ‘शिकवता न येण्याजोगी’ असा शिक्का मारून मुलांना शिक्षणव्यवस्थेबाहेर ठेवणं बंद झालं ते 1970 च्या कायद्याने.

त्या शिक्क्याला एका मुलाने आधीच उत्तर दिलं होतं. 1947 मध्ये जन्मलेल्या नायजेल हंटबद्दल तज्ज्ञांनी आईबापांना आशा सोडायला सांगितली होती. आई ग्रेस हिने त्याला घरी, शब्दांचे ध्वनी सुटे करून, वाचायला शिकवलं. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. नायजेल टंकलेखन शिकला आणि स्वतःची हकिकत स्वतः टाइप केली. 1967 मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली, लायोनेल पेनरोज या नामवंत जनुकशास्त्रज्ञाच्या प्रस्तावनेसह. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाने लिहिलेलं हे पहिलं प्रसिद्ध पुस्तक मानलं जातं. ग्रेसची रीत ध्वनीची, डफनची रीत अख्ख्या शब्दाची. दोन्ही रीतींनी मुलं वाचायला शिकली, कारण दोन्ही घरांत रोज शिकवणारं माणूस होतं.

सोलापूरच्या घरातल्या पट्ट्या वयाबरोबर बदलत गेल्या. आधी नावं, मग क्रियापदं, मग दोन पट्ट्या जोडून वाक्य: ‘दादा आला.’ दहाव्या वर्षाच्या आसपास पट्ट्या भिंतीवरून स्वयंपाकघरात गेल्या. शेंगा चटणीचा तो धडा घरात सगळ्यांना आठवतो. ओट्यावर पट्ट्या ओळीने: शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरे. मुलगी एक पट्टी वाचते, डबा शोधते, चमचा मोजून घालते, पट्टी उलटी ठेवते. मग उखळ. सैल स्नायूंच्या हाताला मुसळ पेलत नव्हतं, म्हणून आधी लहान खलबत्ता, दोन्ही हातांनी. दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं असतं, मिक्सरने ती चव येत नाही, हे तिला आज्जीने सांगितलं. फिजिओकडे जो व्यायाम ती रडत करायची, तो इथे लसणाच्या वासात, न सांगता होऊ लागला. ‘तिखट’ची पट्टी तिने एकदा चटणीत बुडवली आणि त्यावर बोट ठेवून शब्द मोठ्याने वाचला. आज्जी म्हणाली, ‘पोरगी वाचलालीय की!’

2014 मध्ये महेश लिमये यांचा ‘यलो’ हा सिनेमा आला. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ त्यात स्वतःचीच भूमिका करते. तिला डाउन सिंड्रोम आहे आणि त्या कामाची राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दखल घेतली गेली. घरातल्या सगळ्यांनी तो एकत्र पाहिला. मुलीला पोहणं आवडलं, बापाला गौरीची आई. सिनेमाने एक फरक केला: गल्लीतल्या लोकांना विचारायला शब्द मिळाला. ‘ती पिक्चरमधल्या पोरीसारखी आहे का?’ हा प्रश्न, आधीच्या टक लावून बघण्यापेक्षा, आईला केव्हाही चालतो.

घरच्या शिक्षणाची एक अडचण मोठी आहे: मुलाला मित्रमैत्रिणी मिळत नाहीत. ती अडचण पट्ट्यांनी सुटत नाही. आईने मग शनिवारी दुपारी पुढची खोली मोकळी केली. आता तिथे आणखी काही घरांतली मुलं येतात आणि त्यांच्या आया. अलीकडे एक बाप काही महिन्यांचं बाळ घेऊन आला आणि आल्याआल्या पट्ट्या मागू लागला. आईने त्याला आधी विचारलं, टू-डी इको झाला का? या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि तो वेळेत कळला तर दुरुस्त होतो. मग थायरॉइड, तो दर वर्षी. मग कान आणि डोळे. ऐकू न येणाऱ्या मुलाला ‘मंद’ ठरवून मोकळं होणारी घरं तिने पाहिली आहेत, म्हणून या यादीत ती कुणालाही सूट देत नाही. दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्राचा अर्ज कसा भरायचा तेही तीच सांगते. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत या मुलांचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या घरात होतं. आता ते साठीकडे गेलं आहे. त्यामुळे ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न आता सगळ्याच घरांत खरा झाला आहे, आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, हे ती मुलं लहान असतानाच पालकांच्या कानावर घालते.

मुलगी आता विशीत आहे. वाचन पक्कं आहे, आकडे कच्चे. डाउन सिंड्रोममध्ये हे नेहमीचं आहे. गणित वाचनाच्या मागे राहतं. दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखून ठेवल्या आहेत आणि त्यातली 1 टक्का जागा बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेल्यांत वाटली जाते. त्या वाटेवर आई डोळे लावून बसलेली नाही. घरात चटणी कुटली जाते, मुलगी पाव किलोची पाकिटं वजनकाट्यावर भरते आणि लेबल स्वतःच्या हाताने लिहिते. भाव मुद्दाम 100 रुपये ठेवला आहे, म्हणजे सुट्ट्यांचा हिशेब करावा लागत नाही. कुणी पाचशेची नोट दिली की ती आतल्या आईला हाक मारते. सध्या ओट्यावर नव्या पट्ट्या आहेत, त्यांवर नोटांची चित्रं चिकटवलेली आहेत, आणि पाचशेतून शंभर गेले की किती हाताला लागतात, हा धडा चालू आहे.